चित्रप्रदर्शनें आणि प्रेक्षकाचा अधिकार

मुंबईसारख्या महानगरांत चित्रप्रदर्शनांची वाण आहे असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. काळा घोडा ह्या एका ठिकाणाभोंवतीं पाहिलें तरी जहांगीर कलादालन, त्याच्या शेजारचें छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, थोडें पलीकडे कावसजी जहांगीर सभागृहांत वसलेलें राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि आसपासच्या गल्ल्यांतून असलेलीं लहानमोठीं खासगी दालनें, एवढा संभार एका हांकेच्या अंतरावर आहे. पैकीं जहांगीर कलादालनांत व बहुतेक खासगी दालनांत शिरण्यास दिडकीही पडत नाहीं. दार उघडें असतें, आंत गारवा असतो, भिंतींवरचीं चित्रें वरचेवर पालटतात. असें असूनही त्या दारावरून रोज जाणाऱ्या हजारों मराठी माणसांपैकीं आंत पाऊल टाकणारीं किती, असा प्रश्न केला तर उत्तर समाधानकारक येत नाहीं.

गेल्या हिवाळ्यांत आम्ही आमच्या वर्गांतील दहाबारा विद्यार्थ्यांस घेऊन असेंच एक प्रदर्शन पाहावयास गेलों होतों. मुलें हुशार होतीं. कादंबरीच्या शेवटावरून हमरीतुमरीवर येणारीं, एखाद्या नाटकाचा दुसरा अंक कां पडला हें आम्हांसच समजावून सांगणारीं. दालनांत मात्र तीं भिंतीच्या कडेकडेनें, देवळांत चुकून परधर्मीय शिरावा तशीं, हलक्या पावलांनीं फिरलीं आणि पावणेदहा मिनिटांत बाहेर आलीं. पायऱ्यांवर बसून आम्हीं विचारलें, ‘कसें काय वाटलें?’ मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं. अखेर त्यांतला एक चांगला वाचणारा मुलगा म्हणाला, ‘सर, त्यांतलें आम्हांला काय कळणार!’

प्रथम आम्हांस तें उत्तर विनयाचें वाटलें. परंतु घरीं परततांना विचार करूं लागल्यावर तो विनय नसून ती हक्कसोड आहे असें आमच्या ध्यानीं आलें. चित्र बरें कीं वाईट हें ठरविण्याचा अधिकार आपला नाहीं, तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे, अशी ती कबुली होती. हा दुसरा कोण, आणि आपला अधिकार त्याच्या हवालीं कधीं व कसा झाला, हें पाहूं जातां मुंबईच्या चित्रप्रदर्शनांचा सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास चाळावा लागतो. तोच थोडक्यांत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

प्रदर्शन ही संस्था मूळची आपली नव्हे. आपल्या देशांत चित्रें होतीं. परंतु तीं लेण्यांच्या भिंतींवर, पोथ्यांच्या पानांत किंवा वाड्यांच्या दिवाणखान्यांत होतीं. तीं पाहणारा भक्त असे, वाचक असे किंवा धन्याचा पाहुणा असे. चार निरनिराळ्या चित्रकारांचीं चित्रें एका भिंतीवर शेजारीं शेजारीं लावावीं आणि रस्त्यावरून येणाऱ्या कोणासही ‘पाहा आणि काय तें ठरवा’ असें म्हणावें, ही चाल युरोपांतून आली. पॅरिस येथें राजाश्रयाखालील कलापरिषदेच्या सभासदांचीं चित्रें लूव्र राजवाड्याच्या दालनांत जनतेस दाखविण्याचा परिपाठ इ. स. १७३७ पासून नियमित सुरू झाला. सरदार आणि शिंपी, बायका आणि पोरें तेथें एकाच गर्दींत उभीं राहूं लागलीं. चित्रकारांस ही गर्दी हवी होती; पण गर्दीला तोंड असतें हें त्यांच्या लक्षांत आलें नव्हतें. इ. स. १७४७ मध्यें ला फों द सें-येन नांवाच्या एका गृहस्थानें तेथील चित्रांचे गुणदोष दाखविणारें पुस्तक छापलें, तेव्हां चित्रकार मंडळी खवळली. ज्याच्या हातीं कुंचला नाहीं त्यानें कुंचल्याविषयीं बोलावें काय, असा त्यांचा सवाल होता. त्या गृहस्थाचा युक्तिवाद साधा होता: छापलेल्या ग्रंथाविषयीं व रंगभूमीवर आलेल्या नाटकाविषयीं मत देण्यास जर कोणाची परवानगी लागत नाहीं, तर लोकांपुढें मांडलेल्या चित्राविषयींच ती कां लागावी? पुढें इ. स. १७५९ पासून दिदरोसारख्या तत्त्वज्ञानें ह्या प्रदर्शनांवर लिहिण्यास आरंभ केला आणि प्रदर्शन व त्याची चर्चा हीं जुळीं भावंडें ठरलीं.

ह्या चर्चेचे निकाल नेहमीं बरोबर आले असें नाहीं. इ. स. १८६३ मध्यें परीक्षकांनीं नाकारलेल्या चित्रांचें वेगळें प्रदर्शन खुद्द बादशहा तिसऱ्या नेपोलियनच्या हुकुमानें भरलें. मानेसारख्या चित्रकाराचें चित्र त्यांत होतें, आणि पुष्कळ लोक तेथें केवळ हंसण्यासाठीं गेले. परंतु हंसण्यासाठीं कां होईना, ते गेले. परीक्षकांचा निकाल निराळा व आपला निकाल निराळा असूं शकतो, आणि दोन्ही उद्यां फिरूं शकतात, ही गोष्ट त्या दिवसापासून रूढ झाली. प्रदर्शन म्हणजे चित्रें टांगणें नव्हे. प्रदर्शन म्हणजे प्रेक्षकास न्यायासनावर बसविणें होय. तो चुकला तरी चालेल; तो आसन सोडून उठून गेला तर मात्र प्रदर्शनाचा अर्थच उरत नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगींतून इ. स. १८५७ मध्यें येथें कलाशाळा निघाली. चित्रें निर्माण होऊं लागलीं, तेव्हां तीं दाखविण्याची सोयही पाहिजे झाली, आणि इ. स. १८८८ मध्यें बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. तिचे आरंभींचे चालक बहुतांशीं युरोपियन होते. त्यांनीं प्रदर्शनाची संस्था येथें आणली ती सर्व सरंजामासह आणली: परीक्षक आले, पदकें आलीं, इंग्रजी यादीपुस्तिका आल्या, गव्हर्नरसाहेबांचा आश्रय आला. एक गोष्ट तेवढी जहाजावर चढविण्याची राहिली, ती म्हणजे पॅरिसची ती भांडखोर गर्दी.

ह्या सोसायटीचे उपकार आम्ही विसरत नाहीं. कोल्हापूरहून इ. स. १८९० मध्यें कलाशाळेंत दाखल झालेले महादेव विश्वनाथ धुरंधर यांना इ. स. १८९५ मध्यें सोसायटीचें सुवर्णपदक मिळालें. तें मिळविणारे ते पहिले हिंदी चित्रकार होत. पुढें इ. स. १९४० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें’ ह्या आत्मवृत्तांत त्यांनीं आपली सारी हकीकत मराठींत लिहून ठेविली, हें आपलें भाग्य. धुरंधरांच्या पदकानंतर लवकरच गणपतराव म्हात्रे ह्या कोंवळ्या वयाच्या विद्यार्थ्यानें ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा घडविला. हातीं पूजेचें साहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ही मराठमोळी तरुणी कोणत्याही मराठी घरांतून बाहेर पडावी अशी आहे. परंतु तिची थोरवी आपल्या लोकांच्या मनांत ठसली ती सर जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या साहेबानें मुक्तकंठानें स्तुति केल्यावर. आपल्याच घरची लेक, पण ती देखणी आहे हें शेजाऱ्यानें सांगावें लागलें!

येथेंच आमच्या मतें पहिली मेख आहे. पदक हा परीक्षकाचा निकाल होय. होतकरू कलावंतास त्याची गरज असते, हें आम्ही जाणतों. परंतु प्रेक्षकास पदक आधीं दिसतें व चित्र मागाहून. आणि पदक पाहिल्यावर चित्र पाहण्याचें श्रम तो वांचवितो. इ. स. १९१८ मध्यें हिंदी चित्रकारांनीं आर्ट सोसायटी ऑफ इंडिया ही आपली निराळी संस्था काढली, तरी प्रदर्शनाची रीत तीच राहिली. इ. स. १९३७ मध्यें बॉम्बे आर्ट सोसायटीनें अमृता शेरगिल यांच्या तीन मुलींच्या चित्रास सुवर्णपदक दिलें. निवड उत्तम होती, हें आज कोणीही मान्य करील. पण उत्तम निवड करणारा दुसरा असला, म्हणजे आपली नजर तयार होते असें थोडेंच आहे?

मराठी माणसास नजरच नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. प्रदर्शनाच्या दालनाबाहेर त्याचें एक स्वतःचें कलादालन होतें व तें त्याच्या घरांत होतें. राजा रविवर्मा यांचा छापखाना इ. स. १८९४ मध्यें मुंबईंत निघाला आणि लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, दमयंती ह्या घरोघर भिंतींवर आल्या. इ. स. १९०९ मध्यें का. र. मित्र यांनीं ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि त्या प्रथेबरोबर रंगीत चित्रें पाहण्याची संवयही वर्षोवर्ष वाढली. दीनानाथ दलाल यांनीं इ. स. १९४५ पासून ‘दीपावली’ चालविलें. रघुवीर मुळगांवकर यांचीं देवदेवतांचीं चित्रें दिनदर्शिकांवरून खेडोपाडीं गेलीं. हीं चित्रें थोर कीं सामान्य, हा वाद येथें नको. मुद्दा एवढाच कीं, लोक त्यांविषयीं बेधडक बोलत.

आमची आजी चार इयत्तांपलीकडे शिकलेली नव्हती. तिच्या देवघरांत लक्ष्मीची जुनी छापील तसबीर होती. ती ओलीनें खराब झाली म्हणून वडिलांनीं बाजारांतून नवी आणली. आजीनें ती हातभर लांब धरून पाहिली आणि म्हणाली, ‘ही नको रे बाबा. हिचे दागिने हिच्यापेक्षां मोठे झालेत. आणि हिची नजर आपल्याकडे नाहीं, ही दुसऱ्याच कोणाकडे बघत्येय.’ तसबीर परत गेली. आम्हीं पुढें इंग्रजीचे ग्रंथ वाचले, रस्किन वाचला, पेटर वाचला. परंतु चित्रांतील अलंकरण विषयावर कुरघोडी करूं लागलें म्हणजे काय होतें, हें इतक्या थोडक्यांत कोणीं सांगितल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. ज्या अधिकारानें आजीनें तसबीर परत पाठविली, तो अधिकार तिच्या पदवीधर नातवांस व त्यांच्या शिष्यांस दालनाच्या पायरीवर कां सोडवतो, हाच आमचा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचा उलगडा इ. स. १९४७ ह्या एका वर्षाकडे पाहिलें असतां बराचसा होतो. त्या वर्षीं मुंबईंत दोन घटना घडल्या. बाळ सीताराम मर्ढेकर यांचा ‘कांहीं कविता’ हा संग्रह निघाला. आणि सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे ह्या सहा जणांनीं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. दोहोंनीं जुन्या संकेतांस धक्का दिला, दोहोंवर दुर्बोधतेचा व अश्लीलतेचा आरोप आला. मर्ढेकरांच्या संग्रहावर खटला झाला व ते निर्दोष सुटले. इ. स. १९४९ मध्यें सूझा यांचीं चित्रें एका प्रदर्शनांतून उतरविण्यांत आलीं, आणि त्याच वर्षीं ते इंग्लंडला निघून गेले.

येथपर्यंत दोन्ही कथा समांतर जातात. पुढें त्या फांकतात. मर्ढेकरांच्या कवितेवरून मराठी मासिकांत वर्षानुवर्षें रणें माजलीं. कोणीं टर उडविली, कोणीं विडंबनें केलीं, कोणीं ओळ न् ओळ उलगडून दाखविली, शिक्षकांनीं वर्गांत हात टेकले आणि मग तेच शिक्षक ती कविता शिकवूं लागले. ह्या भांडणांतूनच ती कविता आमची झाली. चित्रकारांच्या वांट्यास असें भांडण आलें नाहीं. त्यांना पारखणारे भेटले, आणि ते खरे जाणकार होते: हिटलरच्या छळास पाठ करून आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, वृत्तपत्रांत कलापरीक्षणें लिहिणारे जर्मन गृहस्थ रुडॉल्फ फॉन लायडन, चित्रसंग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. मोटारी धुवून पोट भरणाऱ्या आरांचा हात ओळखणारा मनुष्य लायडन होता. ह्या परदेशी मित्रांचें ऋण मुंबई कधींही फेडूं शकणार नाहीं. परंतु त्यांची चर्चा इंग्रजींत चाले, चित्रकारांचीं निवेदनें इंग्रजींत निघत, आणि इ. स. १९४९ च्या प्रदर्शनाचें उद्घाटन करणारे मुल्कराज आनंद हेही इंग्रजी लेखकच. पारखणाऱ्याचा चष्मा बदलला. आपण चष्मा लावणाराच्या तोंडाकडे पाहत राहिलों.

आणि हे चित्रकार काय परके होते? हुसेन जन्मले पंढरपुरास. गाडे अमरावती जिल्ह्यांतले. सूझा गोव्याच्या साळगांवचे. सदानंद बाकरे हे तर मराठीच. इंग्लंडांत अनेक वर्षें काढून ते परतले आणि कोंकणांत मुरूड-हर्णैच्या बाजूस राहिले, तेथेंच इ. स. २००७ मध्यें वारले. देशाच्या कलेस वळण लावणाऱ्या सहांपैकीं एक शिल्पकार आपल्या किनाऱ्यावर इतकीं वर्षें वस्ती करून होता. त्या वाटेनें समुद्रस्नानास जाणाऱ्या आपल्यापैकीं किती जणांस त्याची गंधवार्ता होती? आम्ही स्वतः त्या काळांत दोन वेळां हर्णैस जाऊन मासळीबाजार पाहून आलों. बाकरे तेथें आहेत हें आम्हांस ठाऊक नव्हतें, हें सांगतांना आज लाज वाटते.

प्रदर्शनांस हक्काची जागा मिळाली ती इ. स. १९५२ मध्यें. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगींतून, त्यांच्या पुत्राच्या नांवें जहांगीर कलादालन उभें राहिलें. हेब्बर व होमी भाभा यांसारख्यांनीं त्यासाठीं आग्रह धरला होता. दोनच वर्षांनीं तेथें एक प्रसंग घडला. पॅरिसहून आलेले तरुण चित्रकार अकबर पदमसी यांनीं इ. स. १९५४ मध्यें आपलें प्रदर्शन भरविलें. त्यांतील स्त्रीपुरुषांचीं दोन चित्रें काढून टाका, असें पोलीस अधिकाऱ्यानें सांगितलें. पदमसींनीं नकार दिला. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटनें त्यांना निर्दोष ठरविलें, आणि वरच्या न्यायालयांतही तोच निकाल कायम झाला.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकास ह्या ठिकाणीं इ. स. १८७८ मधील व्हिसलर-रस्किन खटल्याची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरींतील व्हिसलरच्या चित्रावर रस्किननें कठोर टीका केली, व्हिसलरनें अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, आणि न्यायालयानें त्यास भरपाई म्हणून एक फार्दिंग देवविला. निकाल हास्यास्पद झाला खरा. पण तो खटला मुळांत एका प्रेक्षकाच्या मताचा होता. चित्र चांगलें कीं वाईट, पुरें कीं अपुरें, ह्यावर तेथें भर न्यायालयांत उलटतपासणी झाली. पदमसींच्या खटल्यांत हा प्रश्नच निघण्याचें कारण नव्हतें. चित्र दाखवावें कीं दाखवूं नये, एवढेंच ठरावयाचें होतें. चित्रकार सुटला, कायद्याची बूज राहिली, आणि सर्वजण घरीं गेले. तीं दोन चित्रें चित्रें म्हणून कशीं आहेत, हा निवाडा ज्या न्यायासनापुढें व्हावयाचा, तें आसन रिकामेंच राहिलें.

रिकाम्या आसनावर कोणी ना कोणी येऊन बसतोच. इ. स. १९६३ मध्यें मुंबईंत केमोल्ड व पंडोल हीं खासगी दालनें निघालीं. केकू गांधी यांचा धंदा मूळचा चित्रांच्या चौकटींचा. चित्रें विकलीं जात नव्हतीं त्या काळांत त्यांनीं व काली पंडोल यांनीं चित्रकारांस धीर दिला. तो व्यवहार होता, परंतु त्यांत स्नेह होता. पुढें मात्र चित्रांस बाजारभाव आला. इ. स. २००२ मध्यें न्यूयॉर्क येथील लिलांवांत तैयब मेहता यांच्या एका चित्रास सुमारें दीड कोटि रुपये मिळाले आणि वर्तमानपत्रें चकित झालीं. इ. स. २०१३ मध्यें मुंबईंतच वासुदेव गायतोंडे यांचें चित्र २३ कोटि ७० लक्षांस गेलें. इ. स. २०२३ मध्यें शेरगिल यांचें चित्र ६१ कोटि ८० लक्षांस, आणि इ. स. २०२५ मध्यें हुसेन यांची ‘ग्रामयात्रा’ सुमारें ११८ कोटींस.

हे आंकडे आम्हीं एका दमांत सांगितले; कारण वाचकांसही ते तसेच ठाऊक असतील. पण ‘ग्रामयात्रा’ हें इ. स. १९५४ मधील चित्र तेरा खणांचें असून त्यांत खेड्यांतील नित्याचें जीवन रंगविलें आहे, आणि तें कित्येक दशकें नॉर्वेंत ऑस्लो येथील रुग्णालयाच्या भिंतीवर होतें, हें किती जणांनीं लक्षांत ठेविलें? आमच्या एका स्नेह्यांनीं गायतोंडे यांच्या चित्राच्या किंमतीची बातमी आम्हांस मोठ्या अभिमानानें वाचून दाखविली. नागपुरांत जन्मलेला, मुंबईच्या कलाशाळेंत शिकलेला माणूस, म्हणून अभिमान. ‘चित्र पाहिलेंत काय?’ असें विचारतांच ते म्हणाले, ‘छे हो, तें कोणास कळतें!’ मुलाचें उत्तर व त्यांचें उत्तर एकच. पूर्वीं पदक पाहून चित्र पाहण्याचे श्रम वांचत. आतां बोली ऐकून वांचतात. बाजार हाही परीक्षक आहे, आणि तो लबाडच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्याचा निकाल किंमतीचा असतो. मोलाचा निकाल त्याच्याकडे मागणें ही आपली चूक.

आतां शेवटचा प्रसंग. कावसजी जहांगीर सभागृहांत इ. स. १९९६ मध्यें राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबईंतील शाखा उघडली. तेथें इ. स. २०१९ च्या फेब्रुवारींत प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरलें. उद्घाटनाच्या वेळीं अमोल पालेकर त्या संस्थेच्या सल्लागार समित्यांविषयीं व धोरणाविषयीं बोलूं लागले असतां त्यांना मध्यें अडविण्यांत आलें. त्यावरून फार मोठी चर्चा झाली, आणि ती व्हावयासच पाहिजे होती. सार्वजनिक दालनांत काय लागावें हें कोणीं ठरवावें, हा प्रश्न सर्वांचा आहे. परंतु त्या दिवसांत आम्ही मराठी पत्रें रोज चाळीत होतों. अडविलेल्या भाषणावर रकानेच्या रकाने आमच्या वाचनांत आले. ज्यांच्यासाठीं तो समारंभ होता त्या बरव्यांच्या चित्रांविषयीं आले ते मोजके परिच्छेद. आणि बरवे म्हणजे कोण? अलिबागजवळच्या नागांवचे; चित्र कसें सुचतें, कोऱ्या कापडापुढें बसलेल्या माणसाच्या मनांत काय घडतें, हें ‘कोरा कॅनव्हास’ ह्या पुस्तकांत स्वच्छ मराठींत लिहून ठेवणारे. ज्यानें आपल्या भाषेंत आपल्याशीं बोलण्याचे कष्ट घेतले, त्यासही आपण उत्तर दिलें नाहीं.

कोणी म्हणेल, दोष प्रेक्षकाचा नसून चित्रांचाच आहे. आजचीं चित्रें मुळांत समजण्याजोगीं नसतात, आणि त्यांबरोबर जीं इंग्रजी टिपणें लावलेलीं असतात तीं तर चित्रांहून दुर्बोध. ह्यांत तथ्य आहे. पुष्कळ प्रदर्शनांतून आम्हीही रिकाम्या हातांनीं परतलों आहों. कांहीं चित्रें फसवीं असतात, कांहीं निव्वळ आळशी. परंतु मग तसें म्हणा ना! ‘हें चित्र मला आळशी वाटतें, आणि तें अमुक कारणानें’ असें म्हणणें हा अधिकाराचा वापर आहे. ‘मला काय कळतें’ असें म्हणणें हा त्याचा त्याग आहे. पहिल्या उत्तरानें वाईट चित्रकार अस्वस्थ होतो व चांगला चित्रकार सावध होतो. दुसऱ्या उत्तरानें दोघेही निर्धास्त राहतात.

दुसरा आक्षेप अधिक टोंचणारा आहे व तो आमच्यावरच येतो. मराठी मासिकांत चित्रांची चर्चा नाहीं, ही तक्रार करणाऱ्यानें स्वतः काय केलें? द. ग. गोडसे यांच्यासारख्यांनीं ह्या विषयावर मोलाचें लिहिलें, पण तीं माणसें थोडीं. आम्हीं तीस वर्षें वाङ्मय शिकविलें, कादंबऱ्यांचीं परीक्षणें लिहिलीं, आणि एकाही चित्रावर दोन पानें लिहिलीं नाहींत. विद्यार्थ्याच्या तोंडचें उत्तर त्यानें आमच्याकडूनच उचललें होतें. आम्हीं तें उच्चारलें नाहीं, एवढाच फरक. हा लेख ही त्या ऋणाची पहिली फेड समजावी.

उपाय फार मोठे नाहींत. सार्वजनिक दालनांतील टिपणें मराठींतही असावींत व तीं भाषांतरित वाटूं नयेत. मासिकांनीं पुस्तकपरीक्षणांस जितकीं पानें दिलीं त्यांच्या चौथाईनें तरी प्रदर्शनांस द्यावीं. शाळाकॉलेजांतील शिक्षकांनीं मुलांस दालनांत न्यावें, आणि नेल्यावर चाळीस चित्रें पाहून न येतां एकाच चित्रापुढें पाव घटका उभें करावें. पहिला प्रश्न ‘ह्याचा अर्थ काय’ हा न विचारतां ‘ह्यांत काय दिसतें’ हा विचारावा. दिसणें हें पदवीवर अवलंबून नाहीं.

त्या पायऱ्यांवरून आम्हीं मुलांस पुन्हां आंत नेलें. प्रत्येकानें एक चित्र निवडावें आणि त्यापुढून हलूं नये, एवढीच अट घातली. थोड्या वेळानें, दिवसभर एक शब्दही न बोललेली, रायगडकडची एक मुलगी आमच्याजवळ आली आणि म्हणाली, ‘सर, ह्या चित्रांतलें पाणी खरें वाटत नाहीं. आमच्याकडे भरती येतांना पाण्याचा रंग आधीं किनाऱ्याशीं बदलतो. ह्यांनीं मध्येंच बदललाय.’ लगेच एक मुलगा म्हणाला, ‘म्हणूनच तें बरोबर आहे, ती भरती नाहींच, ओहोटी आहे.’ दोघांचें जुंपलें. बाकीचीं भोंवतीं जमलीं. पहारेकऱ्यानें येऊन आवाज कमी करण्यास सांगितलें.

चित्रांत भरती होती कीं ओहोटी, हें आम्हांस अजून ठरवितां आलेलें नाहीं. तें प्रदर्शन आतां उतरलें आहे. परंतु त्या दिवशीं दालन सोडतांना मुलें कडेकडेनें चालत नव्हतीं.